गूळतुलेची गादी

मेजरसाहेबांच्या सत्कारातून भूपालआण्णा मगदुमांना काय काय मिळणार होतं, ते मी त्यांच्यासमोर बसल्या बसल्याच मोजलं. त्यांचा चहा बशीत ओतून व्हायच्या आत माझ्या तीन रकमा मांडून झाल्या होत्या.

पहिली रस्त्याची. मिरवणूक एस.टी. स्टँडवर सुरू होऊन गूळपेठेत, नेमकी आण्णांच्या अडत दुकानासमोर संपणार होती. तेवढ्या रस्त्यावर खडी पडणार, डांबर पडणार, आणि सत्कार झाल्यावर ते डांबर काही कुणी खरवडून नेणार नव्हतं. दुसरी गुळाची. मेजरसाहेबांची गूळतुला करायची होती. तराजूच्या एका पारड्यात ते बसणार आणि दुसऱ्यात त्यांच्या वजनाइतका गूळ रचायचा. गूळ नगरपालिका विकत घेणार, आणि पेठेतलं सगळ्यांत मोठं दुकान आण्णांचं. तिसरी रक्कम आकड्यात लिहिता येण्यासारखी नव्हती. जूनमध्ये निवडणूक होती, आणि वीरचक्राच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाचा फोटो वर्षभर भिंतीवर टिकतो.

"बाई, गप बसून काय मोजतायसा?" आण्णा म्हणाले.

"खर्च, आण्णा."

"कुणाचा?"

"नगरपालिकेचा."

"मग ठीक हाय," म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली.

ही सदुसष्ट सालच्या मार्चमधली गोष्ट. मी करवंडी नगरपालिकेत हिशेबनीस होते आणि आण्णा नगराध्यक्ष. मार्च आला की नगरपालिकेला दोन भयं असतात, पैसे पुरणार नाहीत हे एक आणि उरले तर परत जातील हे दुसरं. त्या वर्षी रस्त्यांच्या खात्यात थोडे उरले होते. त्यातच मेजर हिंदुराव सरनोबतांचं पोस्टकार्ड आलं, की येतो.

पासष्टच्या लढाईत पंजाबच्या सरहद्दीवर एका कालव्याचा पूल या माणसानं आपल्या तुकडीनिशी दीड दिवस धरून ठेवला होता. त्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. वीरचक्र मिळालं आणि गावोगावहून सत्काराची बोलावणी गेली. ते कुठंच गेले नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणाला नाही म्हणाले, साखर कारखान्याला नाही म्हणाले. आणि करवंडीला हो.

"माझ्या पत्राला मान दिला," आण्णा भेटेल त्याला सांगत होते. पत्र मी लिहिलं होतं. छापील नमुन्यातलं, चार ओळींचं. त्यात मान देण्यासारखं काय होतं हे मी दोनदा कार्बन प्रत काढून पाहिलं आणि मला काही सापडलं नाही.

मुख्याधिकारी धारपसाहेब कागद पुढे ओढून म्हणाले, "अध्यक्ष, तुलेला गूळ किती लागेल? अंदाज हवा."

"फोटो बघा की पेपरातला. भरदार गडी हाय. नव्वद किलो धरा."

फोटो लढाईच्या आधीचा होता आणि त्यात ओव्हरकोट होता. पण मी ते बोलले नाही. एवढंच म्हटलं, "ठरावात आकडा नको. 'लागेल तितका' लिहू. कमीजास्त झालं तर ऑडिटला उत्तर देत बसायला नको."

"लिवा. लागंल तितका. दर एक नंबरचा."

एक नंबरचा दर नव्या हंगामाच्या गुळाचा असतो, पिवळ्याधमक. आण्णांच्या मागच्या गोदामात गेल्या सालच्या ढेपा पडून होत्या, पावसाळ्यात पाझरून काळ्या झालेल्या. मुंग्यासुद्धा त्या वाटेला जात नव्हत्या. कुठला गूळ पारड्यात जाणार ते मला कळलं, धारपसाहेबांना कळलं आणि आण्णांना आम्हाला कळल्याचंही कळलं. आम्ही तिघांनी चहा संपवला.

तेवढ्यात दारात बाबू नदाफ येऊन उभा राहिला. डावा हात कंबरेवर. तो हात तिथून काढलेला मी कधी पाहिला नव्हता.

बाबू म्हणजे पलटणीतला लांगरी, स्वयंपाकी. नऊ वर्षं लष्करात जेवण रांधलं आणि मग कंबर गेली म्हणून त्यांनी घरी पाठवलं. बापाचा धंदा कापूस पिंजायचा, गाद्या शिवायचा. पण पिंजणावर वाकून बसणं त्याला जमेना, तेव्हा ते काम बायको करायची, जैबुनबी. बाबूनं जकात नाक्यावरच्या कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. लष्करातून आलेल्यांना आधी घ्या असं सरकारचं परिपत्रक होतं, बाबू सातवी पास होता आणि जागा रिकामी होती. तिथं आण्णांचा मेहुणा तात्पुरता बसत होता. आठ महिने तात्पुरता. त्याच्या अमलात आण्णांचा गूळ नाक्यावरून 'घरगुती वापरासाठी' या नावानं बिनजकातीचा आत यायचा. एका घराला दिवसाला दोन बैलगाड्या गूळ लागत होता.

मला बाबूचा कळवळा होता असं सांगितलं तर ते खोटं होईल. जकात गळली की आमचे पगार पंचवीस तारखेवर जायचे. मला नाक्यावर मोजणारा माणूस हवा होता.

"बाई, झालं काय आमचं?" बाबूनं विचारलं. दर सोमवारी तो एवढंच विचारायचा.

मी आण्णांकडे पाहिलं. आण्णा खुशीत होते.

"ये लांगरी, ये. आरं, नाक्यावर गोण्या उचलून बघाव्या लागतात. तुझी तर कंबर भाकरी थापून गेली."

"व्हय आण्णा."

"परिपत्रक म्हंतं सैनिकाला घ्या. तू सैनिक व्हय? लढाईत काय केलंस तू?"

"भाकरी केल्या."

"किती केल्यास?"

"मोजल्या न्हाईत," बाबू म्हणाला. "खाणारी कमी हुत गेली, मग मोजायचं सोडून दिलं."

आण्णांनी रिकामी बशी खाली ठेवली. धारपसाहेब उगाच खाकरले आणि विषय बदलावा म्हणून म्हणाले, "पारड्यावर गादी लागेल ना? नुसत्या लोखंडावर त्यांना कसं बसवायचं?"

"व्हय की. बाबू, बायकोला सांग तुझ्या. पारड्याच्या मापाची एक गादी, वर तांबडी खोळ. साडेचार रुपये देऊ. हे काम तरी घे."

"कुणाला बसाया?"

"मेजर सरनोबत येणार हाईत की. गावभर बोर्ड लागल्यात, वाचलं न्हाईस?"

बाबूचा कंबरेवरचा हात फक्त जरा घट्ट झाला. मग तो वळला आणि निघून गेला. अर्जाचं काय ते पुढच्या सोमवारी विचारू का, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी जैबुनबी सुतळी घेऊन पारड्याचं माप घ्यायला आली. बाई ठेंगणी, जिभेला धार. बाबू कसा आहे म्हणून मी विचारलं.

"ताप आलाय म्हंत्यात."

"म्हणतात?"

"कपाळ माझ्याहून गार हाय. भित्तीकडं तोंड करून पडल्यात. सत्कार हुईस्तोवर ताप ऱ्हाणार, असं वाटतंय." तिनं सुतळीला गाठ मारली. "बाई, मानूस पळून जातो ते कुणाच्या तरी देण्यापायी. ह्यांनी कुनाचं काय घेतलंय, मला ठावं न्हाई."

सत्काराच्या सकाळी रस्ता काळा चकचकीत झाला होता आणि डांबर अजून चपलेला धरत होतं. मेजरसाहेब जीपमधून उतरले आणि आधी मला आण्णांचा नव्वदचा आकडा आठवला. फोटोतला ओव्हरकोट काढला तर आत हा माणूस होता, किडकिडीत, चाळिशीचा, कानशिलं पांढरी झालेली. लाकडी पाय जमिनीवर टेकताना तो आवाज होऊ देत नव्हता.

आण्णांनी त्यांना कार्यालयात आणलं. चहा झाला. मग बँडवाले आले का ते बघायला आण्णा बाहेर गेले, धारपसाहेब त्यांच्या मागं गेले, आणि खोलीत मी आणि अभिप्रायवही घेऊन बसलेले मेजरसाहेब उरलो.

"बाई," ते वहीतून मान वर न करता म्हणाले, "तुमच्या गावात बाबू नदाफ म्हणून कोणी आहे?"

"आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन पत्रं टाकली मी त्याला. उत्तर नाही. म्हटलं, गाव सोडून गेला की काय. मग तुमचं बोलावणं आलं."

सत्काराला होकार का आला, ते मला तेव्हा कळलं. आण्णांना ते सांगायची घाई मला नव्हती.

"काय करतो तो सध्या?"

"सध्या अर्ज करतो."

"कसला?"

"जकात नाक्यावर कारकून व्हायचा. कंबर गेली आहे म्हणून अडलंय."

"कंबर," ते म्हणाले. बाहेर बँडवाला ढोलाची कातडी तापवत होता. "कंबर कशानं गेली, ते सांगितलं त्यानं?"

"भाकरी थापून गेली, असं गाव म्हणतं. तो नाही म्हणत नाही."

त्यांनी मला मग ते सांगितलं, चार-पाच वाक्यांत, अहवाल दिल्यासारखं. पुलावर जेवण घेऊन आलेला लांगरी. माघारी जायला वाहन उरलेलं नाही. लांगरीनं भाकरीची पाटी टाकली आणि साहेबाला पाठीवर घेतलं. शेतातून, चिखलातून, पहाटेपर्यंत.

"आज भेटेल का?"

"तुमच्या तुलेची गादी त्याच्याच घरून येतेय," मी म्हटलं. "बघते."

गादी घेऊन जैबुनबी एकटीच आली होती. मी तिला पायरीवर गाठलं.

"पैसे हवेत तर नवऱ्याची सही लागेल. चौकात घेऊन या त्यांना."

"मी करते की सही. दर येळेला मीच करते."

"एरवी तुमची चालते. आज त्यांची हवी."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागं खिडकीत बसलेल्या मेजरसाहेबांकडे पाहिलं. जगात काही बायका प्रश्न विचारून वेळ घालवत नाहीत. "मग ताप उतरवून आणते," म्हणाली आणि गादी माझ्या हातात देऊन गेली.

गूळपेठेत तीन वाशांना आण्णांच्या दुकानाचा मोठा तराजू टांगला होता, झेंडूनं मढवलेला. एका बाजूला ढेपांची रास, प्रत्येक ढेप सोनेरी कागदात गुंडाळून वर तांबडी रिबन. इतका नटलेला गूळ करवंडीनं पाहिला नव्हता. शाळेची मुलं, तालमीची मंडळी, पेठेतले सगळे अडते, गच्च्यांवर बायका. आण्णांच्या अंगावर नवा कोट होता आणि फोटोवाल्याला त्यांनी आपल्या डाव्या बाजूला उभं केलं होतं, कारण ती बाजू त्यांना बरी दिसते असं त्यांचं मत.

तराजूशेजारी टेबल टाकून मी वजनाची नोंद करायला बसले. त्यामुळे पुढचं सगळं मला हाताच्या अंतरावरून ऐकू आलं.

मेजरसाहेब पारड्याशी आले, खुर्चीवर बसले, आणि पँटचा पाय वर करून त्यांनी लाकडी पायाचे पट्टे सोडायला सुरुवात केली. चौक एकदम शांत झाला.

"हे लाकूड सरकारी आहे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गच्चीवर पोचला. "याच्याबदल्यात गूळ घेतला तर तुमच्या हिशेबनीसबाईंना उत्तर द्यावं लागेल."

लोक हसले. हसताना त्यांना बरं वाटलं, कारण नाहीतर रडावं लागलं असतं. लाकडी पाय माझ्या टेबलावर आला. मी तो वहीशेजारी ठेवला. दोन हमालांनी मेजरसाहेबांना पारड्यातल्या तांबड्या गादीवर बसवलं आणि ढेपा चढू लागल्या.

निम्म्याहून थोडी जास्त रास चढली असेल, तोच काटा सरळ झाला.

आण्णांचा चेहरा पाहायला मी मान वळवली. ओव्हरकोट नसलेला, एक पाय नसलेला वीर पंचावन्न किलोंत संपला होता आणि सोनेरी कागदातला उरलेला गूळ जमिनीवरच राहिला होता. आण्णा हसत होते, पण ते हसणं फोटोवाल्यासाठी होतं.

"वजन बरोबर नाही," मेजरसाहेब पारड्यातून म्हणाले.

तोलणारा हमाल दचकला. "काटा सरळ हाय, साहेब."

"काटा सरळ आहे, पण माणूस अर्धाच बसलाय. पुलावरून मी आलो तेव्हा एकटा नव्हतो. आम्ही दोघं मिळून एक वजन होतो, आणि ते सगळं दुसऱ्यानं उचललं होतं. तो या गावचा आहे. तो बसेपर्यंत ही तुला पुरी होत नाही." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "बाबू."

गर्दीत कुठंतरी हालचाल झाली. जैबुनबी नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला पुढं आणत होती. आणत होती कसली, ढकलत होती. बाबूनं अंगावर घोंगडी घेतली होती. ताप खरा दिसावा म्हणून असेल.

"लांगरी?" आण्णा माझ्या कानाशी म्हणाले. "हा कशाला?"

"उरलेला गूळ खपेल, आण्णा," मी म्हटलं.

त्यांनी एक क्षण हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "बस की बाबू. लाजतोस काय," त्यांनी मोठ्यानं हाक दिली. धारपसाहेब मागून कुजबुजत होते, "एकाच माणसाची मंजुरी आहे, अध्यक्ष, एकाच," पण ते कोण ऐकतो.

बाबू पारड्याच्या काठाशी आला आणि थांबला. सलाम करायला त्यानं हात उचलला. डावा हात कंबरेवरच होता.

"साब, मी न्हाई बसनार."

"का?"

तो इतकं हळू बोलला की ते फक्त मेजरसाहेबांना आणि मला ऐकू आलं. "दोनदा खाली ठिवलं मी तुमास्नी. दम गेला हुता. एकदा ऊसात आन एकदा विहिरीपाशी. डाक्टर म्हनला, जरा आधी आनलं असतं तर पाय... मग पत्रं आली. काय लिवू?"

हे देणं होतं तर. दीड वर्ष तो भिंतीकडं तोंड करून होता तो यापायी, आणि गाव म्हणत होतं, भाकरी.

मेजरसाहेब पारड्यात जरा पुढं सरकले. काटा डुलला.

"कुठला डॉक्टर म्हणाला? तो पोरगा, चष्मेवाला? तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होता, बाबू. माझा पाय पुलावरच राहिला. तू मला उचललंस तेव्हा तो गेलेलाच होता. चिखलात तुला दिसलं नाही." मग म्हणाले, "दोनदा खाली ठेवलंस, हे तुला आठवतं. तीनदा उचललंस, ते मला आठवतं. तू उरलेलं सगळं आणलंस. बस आता."

बाबूनं घोंगडी काढून बायकोकडे दिली. हात कंबरेवरून काढला, पारड्याच्या साखळीला धरलं आणि बायकोनं शिवलेल्या गादीवर साहेबाच्या शेजारी अंग चोरून बसला. पारडं धाडकन खाली गेलं. गूळ वर उडाला. टाळ्या कुणी सुरू केल्या ते मला दिसलं नाही, पण तालमीची मंडळी त्या थांबवीनात.

हमाल सोनेरी ढेपा चढवत गेले. एक, आणखी एक. जमिनीवरची रास संपली आणि गुळाचं पारडं अजून हवेतच होतं.

हमालानं आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी आभाळाकडे पाहिलं. चौकातल्या दोन हजार लोकांनी दुकानाकडे पाहिलं, कारण दुकान समोर होतं, दार उघडं होतं आणि आत नव्या हंगामाचा गूळ छतापर्यंत रचलेला होता.

"आण रं," आण्णा शेवटी म्हणाले.

नवी ढेप आली ती उघडीच. तिला कागद नव्हता, रिबन नव्हती. उन्हात ती हळदीसारखी पिवळी दिसली आणि तिचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"अगं बाई," जैबुनबी म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, "हा गूळ व्हय? मग त्या कागदात काय हाय?"

एका अडत्यानं हसू दाबलं. दुसऱ्याला दाबता आलं नाही. तालमीतल्या एका गड्यानं पुढं होऊन सोनेरी कागदाचा कोपरा फाडला आणि आतला काळा, घाम फुटलेला गूळ सगळ्या पेठेनं पाहिला. गूळपेठेत गुळाची पारख नसलेला माणूस नव्हता.

मी आण्णांना इतकी वर्षं पाहत होते, पण त्या क्षणी त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना आजही मानते. त्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं लेकांनो, ती वजनं म्हणून ठिवली हुती," ते हमालांवर ओरडले. "कागद बघून कळत न्हाई? काटा तपासाया ठिवली हुती. उतरवा सगळी. आता खरा गूळ लावा."

काळ्या ढेपा एकेक उतरल्या आणि पिवळ्या एकेक चढल्या. प्रत्येक ढेपेबरोबर आण्णांच्या मानेवरची शीर हलत होती. दोन माणसांचं वजन होईपर्यंत दुकानात रचलेल्या गुळाच्या भिंतीत दरवाजाएवढं भगदाड पडलं. काटा सरळ झाला.

"याचे पैसे," धारपसाहेब घाम पुसत म्हणाले, "म्हणजे, ठरावात फक्त मेजरसाहेबांचं..."

"बाबूच्या वजनाचा गूळ माझ्याकडनं," आण्णा म्हणाले, आणि फोटोवाल्याकडे वळले. "हे घे."

सत्काराला मेजरसाहेबांचं भाषण दोन मिनिटांचं झालं. ते पारड्यात बसूनच बोलले. म्हणाले, "तुमच्या अध्यक्षांचं मला अभिनंदन करायचं आहे. आज सकाळी मला कार्यालयात कळलं, की बाबूच्या जकात नाक्याच्या अर्जाचा ते विचार करताहेत. फक्त कंबरेची अडचण आहे. ती अडचण माझ्यामुळे झाली, तेव्हा उत्तरही मीच देतो. वजन उचलायचं काम त्याचं झालंय. आता मोजायचं काम द्या."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कार्यालयात सकाळी कोण होतं, हे त्यांना मोजायला वेळ लागला नाही. मी लाकडी पायाचे पट्टे सरळ करत होते.

"विचार कसला," आण्णा माईकवर म्हणाले. "ठरलंच हाय."

आणि खरं सांगायचं तर त्या टाळ्या त्यांना मघाच्यापेक्षा जास्त पडल्या. जूनमध्ये ते तीनशे मतांनी निवडूनही आले.

तुलेतला गूळ कुणाला द्यायचा, हे मेजरसाहेबांनी बाबूला विचारलं, बाबूनं बायकोकडे पाहिलं. "पिवळा बाळंतिणींच्या दवाखान्यात द्या," ती म्हणाली, "आन काळा म्हशींना. त्याबी लेकुरवाळ्याच हाईत." त्या वर्षी सूतिकागृहात बायकांना गुळाचा शिरा मिळाला, श्रावणापर्यंत.

एक एप्रिलला बाबू नाक्यावर रुजू झाला. पहिल्याच सकाळी आण्णांच्या दोन गाड्या आल्या. मी तिथं पावतीपुस्तकं द्यायला गेले होते. गाडीवाल्यानं सवयीनं सांगितलं, "घरगुती." बाबू उठला, एक हात कंबरेवर ठेवून गाडीभोवती फिरला आणि परत येऊन बसला. मागून आण्णा सायकलवर आले.

"बाबू, मी अध्यक्ष हाय."

"व्हय आण्णा. म्हणून तर पहिली पावती तुमची फाडलीय. बोहनी चांगली व्हावी."

आण्णांनी पावती घेतली, दोनदा वाचली, आणि पैसे मोजून दिले. "लढाईत खरंच नुसत्या भाकरी केल्यास व्हय रं?" त्यांनी विचारलं. या वेळी ते चिडवत नव्हते. बाबू म्हणाला, "न्हाई आण्णा. भातबी असायचा." त्या महिन्यापासून आमचे पगार पाच तारखेला होऊ लागले.

पुढच्या साली ऑडिट आलं. ऑडिटरनं रस्ता पाहिला, बँड पाहिला, गूळ पाहिला, सगळ्यावर बरोबरची खूण केली आणि गादीवर थांबला.

"तीन दरपत्रकं कुठं आहेत?"

"गावात गादी शिवणारं घर एकच आहे," मी म्हटलं.

"मग शेजारच्या गावांतून मागवायची. शिवाय मंजुरी एका इसमाच्या आसनाची. बसले दोन." आणि त्यानं ते साडेचार रुपये माझ्या पगारातून वसूल करायचा शेरा मारला.

तेव्हा अखेरची बेरीज अशी. डांबराचे पैसे गावानं दिले, आणि आण्णांच्या गाड्यांमागून गावही त्यावरून चाललं. मेजरसाहेबांच्या वजनाचा गूळ नगरपालिकेनं दिला, बाबूच्या वजनाचा आण्णांनी. पाय आणि कंबर कुणाच्या खाती टाकायची, ते आमच्या कुठल्याच वहीत बसलं नाही. गादीचे मात्र मी दिले, म्हणून ती माझी. निवृत्त होताना मी ती घरी आणली आणि हे लिहिताना तिच्यावरच बसले आहे. मधल्या काळात दोनदा कापूस काढून पिंजून घेतला. दोन्ही वेळा जैबुनबीनं पुरते पैसे मोजून घेतले, आणि मी पावती मागितली नाही.